कॉलमच्या नावातला आकडा

प्रश्न : ताई, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळांच्या एका आडत्याकडे मी हिशोबपट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशोबाचं, वेब ॲप्लिकेशन सांभाळतो. पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये आहे, माझ्या आधी कुणीतरी लिहिलेलं. त्यात ‘पट्टी’ नावाचं एकच टेबल आहे. शेतकऱ्याचं नाव, तारीख, गाडी क्रमांक झाले की माल१, डाग१, वजन१, भाव१ असे चार कॉलम (डाग म्हणजे मालाचे नग), मग माल२, डाग२, वजन२, भाव२, असं करत माल१० पर्यंत. सीताफळाच्या हंगामात पुरंदरकडच्या एकाच शेतकऱ्याच्या मालाच्या प्रती (दर्जानुसार केलेले वाटे) दहापेक्षा जास्त होतात. तेव्हा दिवाणजी त्याच गाडीच्या दोन पट्ट्या करतात आणि कधीकधी उचल (शेतकऱ्याने आधी घेतलेली रक्कम) दोन्ही पट्ट्यांतून वजा होते. मालक म्हणतात, पंधरा ओळींची सोय करा. कोडमध्ये दहा-दहा वेळा लिहिलेल्या त्याच त्या ओळी काढून मी लूप (तीच ओळ हवी तितक्या वेळा चालवणारी रचना) लावणार आहे. लूपमध्ये कॉलमचं नाव कसं तयार करायचं? आणि पंधरा पुरतील, की वीस करून ठेवू?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : लूपचं आधी सांगून टाकते. ‘माल’ या अक्षरांपुढे लूपमधला आकडा जोडा आणि तयार झालेल्या नावाने डेटाबेसमधून आलेल्या ॲरेतली (किमतींच्या यादीतली) किंमत काढा. पीएचपीत हे सहज होतं. तुमच्या फाइलीतल्या चारशे ओळींच्या चाळीस होतील आणि कोड वाचायला बरा होईल. तुमची अडचण मात्र जिथल्या तिथे राहील, कारण ती कोडमध्ये नाहीच, टेबलात आहे. म्हणून या महिन्याची बरीचशी जागा तुमच्या पत्राला देते आहे. पुण्यातल्या छोट्या व्यापाऱ्यांची जी सॉफ्टवेअर मी पाहिली आहेत, त्यांतल्या कितीतरींमध्ये हेच दुखणं आहे.

हे दहा आले कुठून, ते बघा. गाळ्यावर पट्टीचं छापील पुस्तक असतं आणि त्याच्या पानावर ठरावीक ओळी आखलेल्या असतात. आधीच्या माणसाने ते पान समोर ठेवलं आणि ओळी मोजून तेवढे कॉलम केले. पण कागदावर लिहिणारे दिवाणजी दहाव्या ओळीपाशी अडत नाहीत. ते खाली ‘पुढे चालू’ लिहितात, पुढच्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून’ लिहून बेरीज ओढतात, आणि पट्टी एकच राहते. तुमच्या टेबलाला ‘पुढे चालू’ लिहिता येत नाही. म्हणून एका गाडीच्या दोन पट्ट्या होतात आणि उचल दोनदा कापली जाते. उद्या वीस कॉलम केलेत, तर एकविसाव्या प्रतीला हेच होईल.

आता रिपोर्टांकडे या. मालकांनी विचारलं, ‘या महिन्यात डाळिंबाचे किती डाग आले?’ पीएचपीत लूप लावता आला तरी एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या) साध्या क्वेरीत कॉलमच्या नावांवर लूप लावता येत नाही. तिथे माल१ डाळिंब असेल तर डाग१ घ्या, माल२ डाळिंब असेल तर डाग२ घ्या, असं दहा वेळा लिहायचं आणि बेरीज करायची. पंधरा कॉलम झाले की अशी प्रत्येक क्वेरी शोधून तिच्यात पाच-पाच तुकडे वाढवायचे. एखादी राहून गेली, तर ती चूक दाखवत नाही. चालते, उत्तरही देते, फक्त अकराव्या ओळीपासून पुढचे डाग मोजत नाही. सॉफ्टवेअर बंद पडलं तर गाळ्यावर निदान आरडाओरडा होतो. कमी आलेल्या बेरजेवर कुणी ओरडत नाही, आणि मला भीती वाटते ती तिचीच.

याच जागी आणखी एक खड्डा आहे. पट्टीत तीनच प्रती असतील, तर वजन४ ते वजन१० यांत नल (‘इथे किंमतच नाही’ ही खूण) असतो. एसक्यूएलमध्ये कुठल्याही संख्येत नल मिळवला की उत्तर नल येतं. म्हणजे वजन१ अधिक वजन२ अधिक वजन३ असं दहापर्यंत लिहिलं, तर दहाच्या दहा ओळी भरलेल्या पट्ट्या सोडून बाकी सगळ्यांचं एकूण वजन नल. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक कॉलमला नलच्या जागी शून्य धरायला कोॲलेस फंक्शन लावतात आणि क्वेरी आणखी लांबते. हीच वजनं एकाखाली एक ओळींत असती, तर सम फंक्शनने नल आपोआप वगळले असते.

तुमच्या टेबलात घडलंय ते असं : माल३ मधला ३ हा आकडा ही खरं तर एक माहिती आहे, ‘या पट्टीतली तिसरी ओळ’. ती माहिती कॉलमच्या नावात जाऊन बसली आहे. डेटाबेस कॉलमच्या आत पाहतो. तिथे शोधतो, मोजतो, क्रम लावतो. नावात लिहिलेलं त्याला कळत नाही. माल३ आणि माल४ एकाच जातीचे आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही आहे. मायएसक्यूएलला ते दोन परके कॉलम वाटतात. तो ३ नावातून काढून कॉलमच्या आत ठेवायचा, एवढंच काम आहे.

ही गोष्ट नवीनही नाही. एडगर कॉड हे आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत. रिलेशनल डेटाबेसचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीचा, पाया घालणारा त्यांचा लेख जून १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आला. त्यात कर्मचाऱ्यांचं उदाहरण आहे. एका कर्मचाऱ्याच्या आजवरच्या नोकऱ्या अनेक, मुलं अनेक. कॉड यांनी नोकऱ्यांचं वेगळं टेबल केलं, मुलांचं वेगळं केलं, आणि मूळ कर्मचाऱ्याचा क्रमांक त्या प्रत्येकात सोबत नेला. तुमच्या पट्टीला नेमकं हेच करायचं आहे. पुढे १९८१ साली कॉड यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आकडे लावलेल्या कॉलमांनी ‘पहिला नॉर्मल फॉर्म’ (टेबलांच्या मांडणीचा पहिला नियम) काटेकोरपणे मोडतो की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत, कारण प्रत्येक खान्यात किंमत एकच असते. त्या वादात तुम्ही पडू नका. डाळिंबाचे डाग मोजायला दहा तुकड्यांची क्वेरी लागते, एवढं कारण मला पुरेसं आहे.

आता मांडणी. ‘पट्टी’ टेबलात पट्टीचं स्वतःचं तेवढं ठेवा : पट्टी_आयडी, पट्टी क्रमांक, तारीख, शेतकरी_आयडी, गाडी, आणि हमाली, तोलाई, मोटारभाडं यांसारखे खर्च. हे खर्च ठरलेले आहेत, प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे, त्यांचे वेगळे कॉलम खुशाल राहू द्या. दुसरं टेबल ‘पट्टी_ओळ’. त्यात ओळ_आयडी, पट्टी_आयडी, अनुक्रम, माल_आयडी, प्रत, डाग, वजन, भाव. पट्टी_आयडी आणि अनुक्रम ही जोडी युनिक करा, म्हणजे एका पट्टीत दोन ‘तिसऱ्या’ ओळी होणार नाहीत. माल आणि प्रत यांची जोडी युनिक करू नका. एकाच प्रतीचं सीताफळ सकाळी एका भावाने आणि तासाभराने दुसऱ्या भावाने जातं, त्या दोन ओळी खऱ्याच असतात. भाव त्या ओळीतच साठवा. मालाच्या यादीत ‘आजचा भाव’ ठेवून पट्टी छापताना तिथून उचललात, तर मागच्या महिन्याची पट्टी आजच्या भावाने छापली जाईल. पैसे आणि वजन दोन्हींना डेसिमल प्रकार द्या, फ्लोट नको. फ्लोटमध्ये दशांश अपूर्णांक अंदाजे साठवले जातात आणि पैशांचा फरक पडतो. शेतकऱ्याला त्या दोन पैशांचं काही वाटत नाही, पण बेरीज जुळत नाही म्हणून दिवाणजी तासभर बसून राहतात.

उचलीबद्दल वेगळं सांगते. उचल ही पट्टीची नसून शेतकऱ्याच्या खात्याची असते. ती पट्टीतल्या एका कॉलममध्ये लिहून ठेवण्यापेक्षा खात्यावर नोंदवा : या तारखेला इतकी दिली, या पट्टीतून इतकी वळती केली, बाकी इतकी. एका गाडीची एक पट्टी होऊ लागली की दोनदा कापली जाण्याचा मुख्य रस्ता बंद होईल. पण खात्यावरची बाकी पाहूनच कपात व्हावी, हा नियम तुम्ही लावलाच पाहिजे. आणि मागे ज्यांची दोनदा कापली गेली असेल, त्यांची यादी काढून मालकांसमोर ठेवा. त्याच तारखेची, त्याच शेतकऱ्याची, त्याच गाडीची, दोन्हींत उचल असलेली अशी पट्ट्यांची जोडी एका क्वेरीत सापडते. हे काम सगळ्यात आधी करा. तो पैसा शेतकऱ्याचा आहे.

फॉरेन की (ओळीतली पट्टी_आयडी ‘पट्टी’ टेबलात खरंच आहे ना, हे पाहणारा नियम) लावण्यापूर्वी टेबलांचं इंजिन (माहिती साठवणारा भाग) तपासा. मायएसक्यूएलमध्ये ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी हे न सांगता मिळणारं इंजिन झालं. त्याआधी मायआयसॅम होतं, आणि जुन्या डेटाबेसमधली टेबलं अजून तशीच असू शकतात. मायआयसॅम टेबल तयार करताना फॉरेन की लिहिली, तर ती वाचली जाते आणि गुपचूप सोडून दिली जाते. ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील किंवा एकही होणार नाही, अशी बांधणी) मागे घ्यायला सांगितलं, तरी त्या टेबलात लिहिलेलं मागे जात नाही. म्हणून आधी टेबलं इनोडीबीवर आणा. आणि पट्टी डिलीट केली की तिच्या ओळीही आपोआप जातील, अशी कॅस्केडची सोय इथे ठेवू नका. पट्टी हा हिशोबाचा कागद आहे. चुकली तर ‘रद्द’ अशी खूण करायची, पुसायची नाही.

जुनी माहिती नव्या टेबलात नेताना घाई करू नका. गाळ्याच्या सुट्टीचा दिवस निवडा. आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलमांच्या ओळी करण्यासाठी अनपिव्हट आहे, मायएसक्यूएलमध्ये नाही. तिथे दहा सिलेक्ट (माहिती काढणाऱ्या क्वेरी) लिहायचे आणि युनियन ऑलने जोडायचे. पहिल्या सिलेक्टमध्ये पट्टी_आयडी, मग १ हा आकडा, मग माल१, डाग१, वजन१, भाव१. दुसऱ्यात पट्टी_आयडी, २, माल२ आणि पुढचे. असे दहा. नावातला आकडा इथे ‘अनुक्रम’ कॉलममध्ये उतरतो. त्यातला ‘ऑल’ विसरू नका. नुसत्या युनियनने सारख्या ओळींपैकी एकच उरते. अनुक्रम सोबत असेल तोवर धोका नाही, पण कुणी तो गाळला आणि पट्टीत एकाच मालाच्या, त्याच वजनाच्या, त्याच भावाच्या दोन ओळी असल्या, तर त्यांतली एक नाहीशी होईल.

रिकाम्या ओळी गाळताना नल आणि कोरी स्ट्रिंग दोन्ही तपासा. जुन्या फॉर्मने बहुतेक कोरी स्ट्रिंगच साठवली असेल. आणि नेण्यापूर्वी एक क्वेरी चालवून बघा : मालाचं नाव कोरं, पण वजन किंवा भाव भरलेला, अशा जागा किती आहेत? काही नक्की निघतील. त्या ओळींचं काय करायचं हे तुम्ही ठरवू नका. यादी छापा आणि दिवाणजींना दाखवा. ते कार्बन कॉपी काढून दोन मिनिटांत सांगतील.

मग ताळा. जुन्या टेबलातले भरलेले संच किती आणि नव्या टेबलातल्या ओळी किती, हे दोन आकडे सारखे आले पाहिजेत. महिन्यागणिक एकूण डाग, एकूण वजन, एकूण रक्कम जुन्या आणि नव्या पद्धतीने काढून शेजारी शेजारी ठेवा. रकमेत थोड्या पैशांचा फरक दिसला, तर राउंडिंग बघा : जुना कोड प्रत्येक ओळ राउंड करून मग बेरीज करत होता, की बेरीज करून मग राउंड करत होता? छापील पट्टीवर प्रत्येक ओळीची रक्कम दिसते. त्यामुळे ओळ आधी राउंड करून मगच बेरीज करावी, नाहीतर शेतकऱ्याने कागदावर केलेली बेरीज खालच्या आकड्याशी जुळणार नाही. सगळं जुळल्यावरही सीताफळाच्या हंगामातल्या सर्वांत लांब पट्ट्या काढा आणि कागदाशी एकेक ओळ ताडून बघा. हे हाताने करा.

जुने चाळीस कॉलम त्याच दिवशी उडवू नका, पण त्यांत लिहिणं त्याच दिवसापासून बंद करा. दोन्हीकडे लिहीत राहिलात, तर पुढच्या आठवड्यात खरं कुठलं, हा वाद सुरू होईल. जे जुने रिपोर्ट लगेच बदलता येत नाहीत, त्यांच्यासाठी व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) करा : पट्टी_आयडीवर ग्रुप बाय, आणि अनुक्रम १ असेल तेव्हाचा माल ‘माल१’ या नावाने, अनुक्रम २ असेल तेव्हाचा ‘माल२’ या नावाने. जुना रिपोर्ट त्या व्ह्यूवरून पूर्वीसारखा चालेल. फक्त ज्या पट्टीत अकरावी ओळ आहे, ती त्या रिपोर्टमध्ये अपुरी दिसेल. म्हणून पहिली अकरा ओळींची पट्टी होण्याच्या आत ते रिपोर्ट बदला.

आता फॉर्म. इथे लोक डेटाबेस सुधारतात आणि पडद्यावर मात्र माल१, माल२ तसंच ठेवतात. पीएचपीत फॉर्मच्या खान्याला ओळी[०][माल], ओळी[०][भाव], ओळी[१][माल] अशी नावं दिली, की सर्व्हरवर सरळ ओळींचा ॲरे मिळतो आणि त्यावर फॉरईच हा लूप लावता येतो. कंस रिकामे सोडू नका. ओळी[][माल] आणि ओळी[][भाव] असं लिहिलं, तर पीएचपी प्रत्येक रिकाम्या कंसाला नवा क्रमांक देतं आणि माल एका ओळीत, भाव दुसऱ्या ओळीत जातो. माल[] आणि भाव[] असे वेगवेगळे ॲरे केले तर ते जुळतात, पण फॉर्ममध्ये चेकबॉक्स येईपर्यंतच. खूण न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. दुसऱ्या ओळीवर खूण नसेल, तर तिसऱ्या ओळीची खूण दुसऱ्या ओळीला चिकटते.

‘ओळ वाढवा’ बटणामागच्या जावास्क्रिप्टमध्ये नव्या ओळीचा क्रमांक ‘पडद्यावर सध्या किती ओळी आहेत’ यावरून काढू नका. समजा ०, १, २ अशा तीन ओळी आहेत आणि मधली काढली. उरल्या दोन, म्हणून नवीन ओळीला २ मिळाला. पण २ ही ओळ आधीच आहे, आणि पाठवल्यावर नंतरचीच फक्त पोचते. एक मोजणी ठेवा, जी नेहमी पुढेच जाते. मध्ये क्रमांक गळाले तरी पीएचपीला चालतं. अनुक्रम सर्व्हरवर साठवताना नव्याने घालायचा. शेवटच्या खान्यात टॅब दाबला की नवीन ओळ आपोआप उघडू द्या. पहाटेच्या गर्दीत दिवाणजी माउसला हात लावत नाहीत.

एका वेळी फॉर्ममधून किती खाने स्वीकारायचे, याची पीएचपीत मॅक्स_इनपुट_व्हार्स नावाची मर्यादा आहे. ती मूळची १००० असते. एका पट्टीला ती कधीच लागणार नाही. पण मालकांनी ‘दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या एकाच पडद्यावर दुरुस्त करू द्या’ म्हटलं, तर ओळीला ५ खाने धरून २०० ओळींवर तुम्ही तिथे पोचता. पुढचे खाने गळतात, आणि गळाल्याची सूचना फक्त लॉगमध्ये दिसते. असा पडदा करायचाच झाला तर एकेक पट्टी वेगळी साठवा.

पट्टी दुरुस्त करताना सोपा मार्ग असा, की जुन्या सगळ्या ओळी डिलीट करायच्या आणि आलेल्या पुन्हा घालायच्या. बऱ्याच ठिकाणी तो चालतो. तुमच्याकडे चालणार नाही, असं मला वाटतं, कारण आडतीत प्रत्येक ओळीचा माल कुठल्या तरी खरेदीदाराला गेलेला असतो आणि त्याचं बिल त्या ओळ_आयडीला बांधलेलं असणार, आज नसेल तर उद्या. म्हणून जुन्या ओळीसोबत ओळ_आयडी लपलेल्या खान्यात पाठवा. आयडी असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट. जी आलीच नाही ती काढायची, पण तिला बिल जोडलेलं नसेल तरच. अपडेट करताना ओळ_आयडी आणि पट्टी_आयडी दोन्ही अटी घाला. लपलेला खाना कुणीही बदलू शकतो, आणि नुसत्या ओळ_आयडीवर भरवसा ठेवला तर एका पट्टीच्या पडद्यावरून दुसऱ्याच शेतकऱ्याचा भाव बदलता येईल. हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये हवं, म्हणजे अर्ध्यात वीज गेली तर अर्धी पट्टी राहणार नाही. आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंटच (किमतींच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवून आधी तयार केलेली क्वेरी) वापरा. प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त किंमत भरता येते, कॉलमचं नाव भरता येत नाही. आकडे लावलेल्या कॉलमांमुळे लोक फॉर्ममधून आलेलं नाव जोडून एसक्यूएल तयार करतात आणि घुसखोराला दार उघडून देतात. तुमच्या नव्या टेबलात नावं स्थिर आहेत, त्यामुळे तसं करायची वेळच येणार नाही.

छापताना पट्टीचं शीर्षक पानावरच्या एचटीएमएल टेबलाच्या टीहेडमध्ये (शीर्षभागात) ठेवा. लांबलेली पट्टी दुसऱ्या पानावर गेली, तर ब्राउझर ते शीर्षक तिथे पुन्हा छापतो. पंधरा की वीस, हा प्रश्नच मग उरत नाही.

प्रश्न : मी कॉम्प्युटरच्या पदविकेला आहे. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या वाचनालयासाठी प्रोजेक्ट करतोय. पुस्तकाच्या टेबलात लेखक१, लेखक२, लेखक३ असे कॉलम होते. मित्र म्हणाला, एकच ‘लेखक’ कॉलम ठेव आणि त्यात स्वल्पविराम देऊन सगळे लेखक लिही. दुसरा म्हणतो, जेसन (एकाच खान्यात यादी मांडायची पद्धत) वापर. काय करू?
— एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : स्वल्पविरामाचा सल्ला घेऊ नकोस. लेखकांचे आयडी १२, ४५ असे लिहिलेस आणि १२ शोधायला लाइक (अक्षरांचा तुकडा शोधणारी अट) वापरलंस, तर ११२ आणि १२५ ही सापडतील. मायएसक्यूएलमध्ये फाइंड_इन_सेट आहे. ते बरोबर शोधतं, पण इंडेक्सचा (झटपट शोधायच्या सूचीचा) उपयोग करत नाही. आयडीऐवजी नावं लिहिलीस, तर एकाच लेखकाची तीन-चार रूपं होतील, कुठे आद्याक्षरं, कुठे पूर्ण नाव. आणि यादीतलं एखादं नाव लेखकांच्या टेबलात आहे की नाही, हे डेटाबेस तपासणार नाही.

जेसन वाईट नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जेसन प्रकार २०१२ मध्ये आला आणि जेसनबी (त्याचं लवकर शोधता येणारं रूप) २०१४ मध्ये, मायएसक्यूएलमध्ये ५.७ आवृत्तीत. जी माहिती नुसती ठेवायची आणि तशीच दाखवायची, तिच्यासाठी तो छान आहे. पण वाचनालयात ‘या लेखकाचं आणखी काय आहे?’ हा रोजचा प्रश्न असतो, आणि जेसनच्या आतल्या आयडीला फॉरेन की लागत नाही.

इथे एका पुस्तकाचे अनेक लेखक आणि एका लेखकाची अनेक पुस्तकं. म्हणून ‘लेखक’ हे वेगळं टेबल आणि दोन्हींना जोडणारं तिसरं, ‘पुस्तक_लेखक’. त्यात पुस्तक_आयडी, लेखक_आयडी, क्रम. आणि आणखी एक कॉलम घाल : भूमिका. वाचनालयातली कार्डं एकदा काढून बघ. ‘लेखक२’ म्हणून लिहिलेलं नाव कितीदा अनुवादकाचं निघतं, कितीदा संपादकाचं. आकडा लावून ठेवला की हा फरक पुसला जातो. मराठीत अनुवादांची परंपरा मोठी आहे, अनुवादकाच्या नावाने पुस्तक मागणारे वाचक पेठेत भरपूर आहेत. त्यांना ते सापडायला हवं. पडद्यावर सगळी नावं एका ओळीत दाखवायची तर नावं जोडणारं ग्रुप_कॉन्कॅट वापर. त्याची मूळ मर्यादा १०२४ बाइट आहे, त्यापुढचं कापलं जातं. दिवाळी अंकाची लेखकयादी दाखवताना ती वाढवून घे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सभासदांची नोंद मी वेब ॲप्लिकेशनमध्ये ठेवतो. त्यात पत्ता१, पत्ता२, मोबाइल१, मोबाइल२, वाहन१, वाहन२ असे कॉलम आहेत. हे सगळंच मोडून वेगळी टेबलं करायची का?
— सोसायटीचे एक सचिव, सहकारनगर

उत्तर : नाही, तिन्हींना एकच औषध नको.

पत्ता१ आणि पत्ता२ असू द्या. तो एकच पत्ता आहे, पाकिटावर दोन ओळींत मावावा म्हणून तोडलेला. ‘दुसऱ्या ओळीत अमुक असलेले सभासद’ असं कुणी शोधत नाही आणि तिसऱ्या ओळीची मागणीही येत नाही.

मोबाइलचं आधी विचारून घ्या, की मोबाइल२ कुणाचा आहे. बहुतेक सोसायट्यांत पहिला मालकाचा असतो आणि दुसरा भाडेकरूचा, किंवा परदेशी राहणाऱ्या मुलाचा. तसं असेल, तर आकडे काढून ‘मालकाचा मोबाइल’ आणि ‘राहणाऱ्याचा मोबाइल’ अशी नावं द्या. पाणी येणार नाही हा निरोप राहणाऱ्याला जायला हवा आणि सर्वसाधारण सभेची नोटीस मालकाला. एकेका घरातून चार-पाच नंबर येत असतील, तर मात्र वेगळं टेबल करा आणि प्रत्येक नंबरापुढे तो कुणाचा ते लिहा.

वाहनांचं टेबल वेगळं कराच. फाटकावरचा वॉचमन फ्लॅटवरून गाडी शोधत नाही. तो गाडीवरून फ्लॅट शोधतो : ‘ही रस्त्यात लावलेली गाडी कुणाची?’ वाहन१ आणि वाहन२ दोन्हींत शोधावं लागतं, आणि एखाद्या घरात तिसरी गाडी असली, तर ती सापडणारच नाही. वेगळ्या टेबलात वाहन क्रमांक युनिक ठेवता येतो, म्हणजे एकच गाडी दोन फ्लॅटांच्या नावावर लागत नाही. त्यासाठी साठवण्यापूर्वी क्रमांकातल्या मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढून टाका आणि अक्षरं एकाच लिपीत, मोठ्या आकारात करून घ्या. नाहीतर ‘एमएच १२’ आणि ‘एमएच-१२’ या डेटाबेससाठी दोन वेगळ्या गाड्या ठरतील. वॉचमनच्या शोधाच्या खान्यालाही हीच साफसफाई लावा, आणि शेवटचे चार आकडे टाकले तरी गाडी सापडेल अशी सोय करा. अंधारात त्याला तेवढेच दिसतात.